बिनमिठाचा बर्फ

मे महिन्याचा तिसरा आठवडा, गोळीबार चौक.
दुपारी दोनले रस्ता असा पांढरा
का कोणी चुना टाकून पुसला.
कूलरात पाणी टाकून टाकून खांदा गेला,
तरी हवा येते ते भट्टीच्या तोंडातून आल्यासारखी.
आन् ढेमसा मोरीत पडून राह्यला,
नळाखाली पोट टेकून,
जीभ एवढी लांब
का वाटलं, कोणाची तरी सांडून गेली.

चौदा वर्षांचा आहे. दात चार.
अर्धं आयुष्य माह्या खानावळीच्या मागच्या दारी
तर्रीतली हाडं चघळत काढलं त्यानं.
डॉक्टरीण त्याचं पोट दाबून म्हणाली,
'आजी, आता मीठ नाही, तिखट नाही,
कांदा तर विषच समजा. लसूणही बंद.'
मी म्हटलं, बाई, मंग उरलं काय?
चाळीस वर्षं सावजीचा मसाला वाटून राहिली मी,
कांदा काळा होईस्तोवर भाजणं
हेच माहं शिक्षण.
ती हसली. म्हणे, 'थंडावा उरला. तो द्या.'

तं काल रात्री गिऱ्हाईक गेल्यावर
आधी हात धुतले.
साबणानं नाई जात ते. नखाच्या कडेले तिखट
जन्मखुणेसारखं बसलं आहे.
दह्यात बुडवून ठेवले, मंग बेसन, मंग पुन्हा पाणी,
आन् दर वेळी बोट जिभेले लावून पाहिलं.
चौथ्या खेपेले बोट गप बसलं.

पाव किलो कोंबडी, नुसत्या पाण्यात.
मसाल्याचा वास नसलेला गंज
साऱ्या घरात एकच निघाला, नातवाच्या दुधाचा.
उकळी फुटली
तं हात आपोआप डब्याकडे गेला.
दुसऱ्या हातानं त्याले धरून परत आणलं.
हाडं वेचली, केसाएवढी बारकीही,
फडक्यातून गाळलं,
वरचं तेल चमच्यानं काढून फेकलं.
तर्री फेकणारी सावजीवाली!
माहे सासरे असते
तं पंक्तीतून उठून गेले असते.

चार वाट्यांत ते ओतलं. दोन वाट्यांत दही आन् टरबूज,
एकेक बी नखानं काढून.
खुशाल दारात उभा राहून पाहे.
म्हणे, 'आई, आमच्यासाठी कधी बिया काढल्या तू?'
मी म्हटलं, तुले दात होते.

फ्रीजचं दार लागत नाई, सुतळीनं बांधलं आहे.
रात्री दीडले लाईट गेली.
उठून बसली मी. उघडाचं तं नाई,
नुसता दाराले हात लावून पाहत राहिली,
लेकराचा ताप पाहते तसा.
तीनले लाईट आली. फ्रीज खोकला,
थरथरला, आन् घरघरत लागला कामाले.

सकाळी.
चाखल्याशिवाय मी काही वाढत नाई,
देवाचं तेवढं सोडून.
कडेचा टवका तोडून तोंडात टाकला.
काहीच नाई. नुसता गारठा.
मंग तो विरघळला, आन् जिभेखालून
कोणी तरी हळूच आलं,
लाजऱ्या पाहुण्यासारखं, चपला बाहेर काढून.
चाळीस वर्षं कोंबडी शिजवली बाप्पा,
आन् कोंबडीची चव आज कळली.
कोणाले सांगतलं नाई. धंद्याचा प्रश्न आहे.

ढेमस्यापुढे वाटी ठेवली.
चाटते तशी वाटी पळते,
फरशीवर खर्रर्र, भिंतीले टण्ण,
तो मागं मागं, मागचे पाय ओढत,
मोरीपासून देव्हाऱ्यापर्यंत, देव्हाऱ्यापासून खाटेखाली.
सून आतून ओरडली, 'काय पाडलं आता?'
शेवटी मी पाय लावून धरली वाटी.
तो बर्फ चाटे, मधातच माहा अंगठा चाटे,
त्याले फरक दिसला नाई.

फाटकापाशी अजून दोघं येऊन उभे,
एक लंगडी काळी, एक कोणाचा तरी, पट्टा तुटलेला.
त्याईले कोणी सांगतलं देव जाणे.
म्हटलं, थांबा रे.
गंज धुवाचा आहे अजून.